तिने बेट सोडायला नको होतं

शेवटच्या भागात तिने बेट भावाच्या हवाली केलं तेव्हा मी हातातला कंट्रोलर सोफ्यावर आपटला. अक्षरशः आपटला. त्याच्या सेलचं झाकण निघून टीव्हीच्या टेबलाखाली गेलं. सोफ्याच्या दुसऱ्या टोकाला आई बसलेली. ती म्हणाली, "काय झालं गो? मेली का ती?"

"मेली असती तर परवडलं असतं," मी म्हटलं.

माझं वय चाळिशीकडे झुकलंय, नोकरी करते, घर चालवते, आणि एका व्हिडिओ गेममधल्या बाईवरून माझ्या डोक्यात तिडीक जाते हे सांगायची मला अजिबात लाज वाटत नाही. शाळेत असल्यापासून ओळखते मी तिला. माझ्या चुलत-मावस बहिणींपैकी निम्म्या जणींचे स्वभाव मला धड सांगता येणार नाहीत, पण ही बाई बंद दार दिसलं की काय करील हे मी झोपेतून उठवलं तरी सांगेन. आधी ढकलेल, मग लाथ घालेल, आणि मग किल्ली शोधायला जाईल. त्याच क्रमाने.

आणि राग यायला दुसरंही कारण होतं. त्याच आठवड्यातल्या रविवारी आईला बाळकुमला तिच्या धाकट्या भावाकडे, म्हणजे माझ्या मामाकडे, हक्कसोडीवर सही करायला जायचं होतं. बापाच्या जमिनीतला माझा वाटा मी राजीखुशीने भावाला सोडते, असं बहिणीने लिहून द्यायचं, त्याला हक्कसोड म्हणतात. आमच्यात बहिणी ते लिहून देतातच. बदल्यात साडी मिळते आणि माहेरचं दार उघडं राहतं. आजोबांची भातशेती गेली, तिथे टॉवर उभे राहिले, तेव्हा आईने एकदा सही केलेली. आता खाडीकडचा शेवटचा तुकडा उरलेला, जिथे आजोबांचं मिठागर होतं. आईचं म्हणणं एवढंच की, या एका तुकड्यावर तरी बापाच्या नावाखाली माझं नाव राहू दे. सही केली तर ते जाणार, नाही केली तर भाऊ जाणार. तो अख्खा आठवडा ती याबद्दल एक शब्द बोलली नव्हती. नुसती संध्याकाळी माझ्या शेजारी येऊन बसायची आणि म्हणायची, "लाव तुझी पोरगी."

पोरगी म्हणजे हीच, गेममधली.

तिचा पहिला भाग आमच्या घरात आला तेव्हा मी सातवीत असेन. वडिलांच्या ऑफिसने जुने कॉम्प्युटर काढून टाकले, त्यातला एक ते रिक्षात घालून घेऊन आलेले. डोंबिवली स्टेशनबाहेर फुटपाथवर एक सीडीवाला बसायचा. त्याच्याकडे मोठमोठे गेम एकाच सीडीत मिळायचे, कारण जागा व्हावी म्हणून मधली सगळी फिल्म कापलेली असायची. म्हणजे गोष्ट कापलेली आणि नुसत्या उड्या ठेवलेल्या. हे तो सांगत नसे. आम्हाला वाटलं, गेम असाच असतो. एक गुहा संपली की स्क्रीन काळी, मग दुसरी गुहा. ही बाई कोण, कुठली, कशासाठी जीवावर उदार झालीय, काही पत्ता नाही. त्यात आमच्याकडे स्पीकरही नव्हते.

आई मागे जमिनीवर सूप घेऊन सुकट निवडत बसायची आणि मधूनमधून मान वर करून बघायची. पडद्यावर चाललेलं असायचं ते असं: ही बाई गुहेत शिरणार, शिक्का मारलेला एक कागद शोधणार आणि तो एका दाढीवाल्या म्हाताऱ्याकडे घेऊन जाणार. म्हातारा टेबलामागे बसलेला. तो कागद उलटसुलट करून बघणार, मान हलवणार आणि बोट दाखवून तिला दुसरीकडे पाठवणार. तिथे दुसरा म्हातारा.

दोन-तीन दिवस हे बघून आई म्हणाली, "तलाठ्याकडं चकरा मारते ही."

झालं. सगळं एकदम जुळलं. पहिला म्हातारा तलाठी, दुसरा सर्कल ऑफिसर, संगमरवरी जिन्यावरचा तिसरा तो तहसीलदार. काळा कोट घालून हिच्या मागावर असलेला माणूस म्हणजे चुलता. बाप वारला, चुलत्याने सातबाऱ्यावर आपलं नाव चढवलं, आणि आता ही एकटी पोरगी बापाच्या जमिनीचे कागद गोळा करत फिरतेय. मला तर शंभर टक्के पटलं. घरात येणारे पाहुणे दुसऱ्या कशावर बोलायचेच नाहीत, मग न पटायला काय झालं? मी वर्गात ही गोष्ट छातीठोकपणे सांगितलेली. एका मुलाने विचारलं, मग तहसीलदाराच्या कचेरीत वाघ कशाला असेल? मी म्हटलं, तू कधी गेलायस का तिथे?

पुढे कॉलेजात असताना इंटरनेटवर मला ती कापलेली फिल्म अख्खी बघायला मिळाली. ही बाई म्हणे एका बुडालेल्या दर्यावर्दीची मुलगी. वडिलांच्या मागे त्यांचं बेट कुठे आहे तेच कोणाला ठाऊक नाही. कागद म्हणजे जुन्या प्रार्थनेची पानं, म्हातारे म्हणजे पुजारी, आणि काळ्या कोटातला माणूस कुठल्याशा संग्रहालयाचा अधिकारी. मी धावत जाऊन आईला सांगितलं. ती जराही ओशाळली नाही. म्हणाली, "बेट बापाचंच ना? मग मी काय वेगलं बोलले?"

आणि खरं सांगायचं तर तिने ती बाई अचूक ओळखलेली. गोष्ट कापली होती, पण स्वभाव कापता आला नव्हता, कारण तो फिल्ममध्ये नव्हताच. तो होता तिच्या उभं राहण्यात. आपण कोणतंच बटण दाबलं नाही, जरा विचार करत बसलो, की ही बाई कमरेवर हात ठेवायची, एका पायाने जमिनीवर टकटक करायची आणि मान वळवून सरळ आपल्याकडे बघायची. आटप की, असं. पाण्यात पडली की वर येऊन आधी केस पिळायची, मग जीव वाचवायची. आईला हे फार आवडायचं. ती मला मुद्दाम थांबायला लावायची. "दाबू नको, दाबू नको, बघू काय करते." आणि तिने कमरेवर हात ठेवले की आई समाधानाने पुन्हा सुकटीकडे वळायची. आईने पहिली सही त्याच वर्षी केलेली, हे मला खूप नंतर कळलं. तेव्हा आमच्या घरात आईला कमरेवर हात ठेवून कोणाकडे बघायची सोय नव्हती.

पुढचे भाग येत गेले. मी कमवायला लागले तशी सीडी खरी आली, मग टीव्हीला लावायचं मशीन आलं. तिसऱ्या भागात ती एका मनोऱ्यावरून पडली आणि तिचा उजवा गुडघा गेला. चौथ्या भागात त्याबद्दल कोणी चकार शब्द काढत नाही, पण शिडी चढताना ती डावा पाय आधी टाकते. प्रत्येक शिडीवर. कुठल्या तरी माणसाने बसून हे आठवणीने केलं असणार. त्याला मी मनातल्या मनात हात जोडले. माणूस बदलतो, म्हातारा होतो, दुखणी घेऊन फिरतो, हे मला मान्य आहे. मी काही ती कायम पंचवीस वर्षांची राहावी म्हणून हट्ट धरून बसले नव्हते. पण बदल झाला तर तो होताना दिसायला नको? मागच्या भागात जी बाई दारांना लाथा घालत होती, ती पुढच्या भागात दाराला टेकून हुंदके देते, आणि मधे काय झालं ते विचारायचं नाही?

कारण पाचव्या-सहाव्या भागात तेच सुरू झालं. तिला रडवायला लागले. उठसूट रडणं, स्वप्नात बाप दिसणं, नदीकाठी बसून पाण्याकडे बघणं. आई म्हणाली, "हिला बरं नाय काय?" कमरेवर हात ठेवणं काढून टाकलं. आता थांबलं की ती खाली मान घालून श्वास घेत उभी. आणि हो, तिच्याबरोबर पहिल्यापासून एक म्हातारा नावाडी आहे, लोभी, खोटारडा, सारखा कुरकुरणारा. त्याचा स्वभाव सातही भाग जसाच्या तसा. त्याला कोणी समजूतदार केलं नाही. त्याला नदीकाठी बसवून रडवलं नाही. समजूतदार व्हायचं ते बाईने.

बरं, हेही मी गिळलं. पण सातव्या भागात कहर झाला. सहा भागांत ज्याचा कुठे उल्लेख नाही असा एक सावत्र भाऊ उगवला. गरीब स्वभाव, सारखा खोकतो, कडेवर लहान मूल. म्हणजे त्याच्यावर रागावायचीसुद्धा चोरी. आणि ज्या बेटासाठी हिने आयुष्य घातलं, गुडघा घातला, ते सापडल्यावर हिने काय करायचं, तर गळ्यातली बेटाची किल्ली काढून त्याच्या हातात द्यायची.

तो प्रसंग सांगते, कारण माझा संताप नेमका तिथे आहे. सिनेमात पात्राने काही मूर्खपणा केला तर आपण नुसते बघत असतो. इथे तो माझ्या बोटांनी करून घेतला. पडद्यावर बटणाचं चित्र आलं: हे दाबून धरा. मी नाही दाबलं. मी तिला वळवलं आणि दाराकडे नेलं. दार बंद. लाथ घालायचं बटण दाबलं, ते चालेना. कड्याच्या बाजूने नेलं, तर मधे न दिसणारी भिंत. किल्ली परत गळ्यात घालून बघितली, घालता येईना. भाऊ हात पुढे करून उभा, पोर कडेवर, आणि ही खाली मान घालून श्वास घेतेय.

"दुसरं काय दाबता येत नाय?" आईने विचारलं.

"नाही."

"मग विचारतात कशाला?"

शेवटी दाबलं, कारण दाबल्याशिवाय पुढे जातच नाही. तिने किल्ली दिली. पाणावलेले डोळे, व्हायोलिन, समुद्रावरचं ऊन. आणि ती म्हणाली की तिला मनापासून हेच हवं होतं. मग पडद्याच्या कोपऱ्यात एक सोनेरी पदक झळकलं. हा प्रसंग पार पाडला की मिळतं ते. त्यावरच्या इंग्रजी शब्दांचं मराठी केलं तर होतं: मोठं मन. तेव्हा मी कंट्रोलर आपटला.

ही गोष्ट लिहिणारे ज्या खोलीत बसले, तिथे कोणाचीच बहीण नव्हती का? नंतर इंटरनेटवर लोकांचं वाचलं तर जो तो भारावलेला. किती परिपक्व झाली, किती सुंदर शेवट, आम्ही ढसाढसा रडलो. मी भलीमोठी कॉमेंट लिहिली. कुठल्या भागात ती काय बोललेली, कुठे कशी वागलेली, सगळं मांडलं. त्यावर एका पोराचं उत्तर आलं, "मॅम, चिल. गेम आहे." गेम आहे हे मला कळतं रे. म्हणूनच चिडलेय. खऱ्या बायकांना हेच करायला लावतात ते पुरत नाही म्हणून आता खोट्या बाईलाही लावा.

रविवारी आम्ही बाळकुमला गेलो. मामा चौदाव्या मजल्यावर राहतो. खिडकीतून खाडी दिसते आणि खाडीकडचा तो तुकडाही. मामीने आधी जेवायला वाढलं, पापलेट, कोलंबीचं कालवण, तांदळाची भाकरी. सगळं साग्रसंगीत. मामा वाईट माणूस नाही. माझे वडील गेले तेव्हा सगळी धावपळ त्यानेच केलेली. आवरल्यावर त्याने टेबल पुसून घेतलं आणि वकिलाने तयार केलेले कागद आईसमोर ठेवले. सोमवारी रजिस्ट्रारच्या कचेरीत जायचं, त्याआधी घरी एकदा नजर टाक म्हणाला. शेजारी साडीचा बॉक्स होताच.

"मना माहीत हाय बाय," मामा म्हणाला, "तुझं मन मोठं हाय."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. हे शब्द मी त्याच आठवड्यात पदकावर वाचलेले. मी काहीतरी बोलणार तेवढ्यात आईने माझ्याकडे न बघताच माझ्या मांडीवर हात दाबला आणि चष्मा लावला. तिला वाचायला वेळ लागतो. ती ओळीवर बोट ठेवून वाचते. मामी चहा ठेवायला आत गेली, चहा घेऊन बाहेर आली, तरी आई वाचतच होती. मग एका ओळीवर तिचं बोट थांबलं.

"यात राजीखुशीनं असं लिवलंय."

"तसंच लिवतात. सगल्यांच्याच कागदात असतं," मामा म्हणाला.

"पण मी खुश नाय."

मामीने कप खाली ठेवले. ती समजावणीच्या सुरात म्हणाली, "ताई, भावाला द्यायचं म्हणजे काय परक्याला द्यायचं का?"

"नाय ना?" आई म्हणाली. "मग यानं त्याचा वाटा मना लिवून द्यावा. मी पण परकी नाय. कर रे मन मोठं."

मामी कसनुसं हसली. मामा हसला नाही. त्याने कागद सरळ केले, फाइलमध्ये घातले, पेनाला टोपण लावलं. आवाज न चढवता म्हणाला, "मंग बाय, हे घर विसर." आईने चष्मा काढून पदराने पुसला. आम्ही निघालो तेव्हा साडीचा बॉक्स टेबलावर तसाच होता.

रिक्षात मी अभिमानाने फुगले होते. मला नाचावंसं वाटत होतं. कापूरबावडीच्या सिग्नलला मी तिला विचारलं, "आई, खरं सांग, तिने बेट दिलं ते बघून तू सही नाही केलीस ना?"

"खुली हायेस का तू?" आई म्हणाली. "गेम बघून कोण जमिनीचे निर्णय करतं?" मग सिग्नल सुटल्यावर म्हणाली, "पण ती जे बोलली ना, तू सांगितलंस तसं, मना हेच पायजे होतं म्हणून, ते खोटं होतं. दिलं असेल बेट. देतात बायका. पण तसं ती नाय बोलणार."

माझ्या त्या भल्यामोठ्या कॉमेंटमध्ये हे एक वाक्य नव्हतं. मी फक्त रागावले होते, की दिलंच कसं. आईला देण्याचा राग नव्हता. दिल्यावर वर राजीखुशीने दिलं म्हणायला लावलं, त्याचा होता.

पण एक गोष्ट मात्र तिलाही त्या बाईकडून कळण्यासारखी नव्हती, कारण ती कोणी लिहिलेलीच नाही. किल्ली दिली नाही तर काय होतं? दिलं की व्हायोलिन वाजतं, हे सात भाग काढून सांगितलंत. न देणाऱ्या बाईची संध्याकाळ कशी जाते, तिच्या फोनवर कोणाचा नंबर यायचा बंद होतो, लग्नाच्या पत्रिकेतून ती कशी गळते, हे लिहायला कोणाची छाती झाली नाही. गणपतीत मामाकडून बोलावणं आलं नाही. आईने मोदक केले आणि आमच्या ठाकुर्लीच्या घरात दोघींनीच खाल्ले. मला मामाचा राग आला, लिहिणाऱ्यांचा आला, आणि खरं सांगते, थोडा आईचाही आला, की ही इतकी गप्प कशी.

मग दिवाळी आली. भाऊबीजेला मामा कधी चुकला नव्हता. स्कूटर होती तेव्हा स्कूटरवरून, मग गाडीतून, पण दुपारच्या जेवणाला हजर. या वर्षी आईने सकाळपासून पुरण घातलं, करंज्या काढून ठेवल्या, पाट मांडला, ताटात कुंकू, अक्षता, सुपारी, निरांजन, सगळं नीट लावलं. मी म्हटलं, "कशाला करतेस? तो येणार नाहीये." तिने ऐकलंच नाही. दुपार गेली. चार वाजले, पाच वाजले. खाली गाडी थांबल्याचा आवाज आला की तिचा हात थबकायचा. ती खिडकीशी गेली नाही एकदाही. शेवटी मला सहन होईना. मी फोन उचलला, मामाला चांगली सुनवायची म्हणून.

"ठेव तो," आई म्हणाली.

दिवेलागण झाली तशी ती उठली, निरांजन लावलं आणि ताट घेऊन गॅलरीत गेली. मला वाटलं, दिवा दाखवायला गेली असेल. ती आभाळात शोधत होती. जिला भाऊ नाही ती भाऊबीजेला चंद्राला ओवाळते, हे मी ऐकून होते. आमच्या घरात ते कधी कोणाला करावं लागलं नव्हतं. समोरच्या बिल्डिंगच्या टाकीशेजारी बारीकशी कोर होती. आईने तिच्या दिशेने अक्षता टाकल्या, सुपारी फिरवली, ओवाळलं. मी दारात उभी राहून रडत होते, आणि तो रागच होता, दुसरं काही नाही.

आईने वळून माझ्याकडे बघितलं. "हा काय सही मागत नाय," ती म्हणाली, आणि निरांजन विझेपर्यंत तिथेच उभी राहिली.